वीस वर्षांचे पदक आणि चार वर्षांची पलटण

आजोबा-पणजोबा पलटणीत होते, असे सांगणारी घरे आपल्या समाजात पुष्कळ आहेत. अशा घरातल्या पत्र्याच्या पेटीत एखादे काळवंडलेले पदक निघाले, की ‘हे कुठल्या लढाईचे?’ असे मुले विचारतात. पण सर्वच पदके लढाईची नसतात. काही केवळ दीर्घ सेवेची असतात, आणि आम्हांला तीच जास्त बोलकी वाटतात.

ईस्ट इंडिया कंपनीने १८३७ साली ‘ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया’ हा किताब सुरू केला. जमादार, सुभेदार अशा देशी अधिकाऱ्यांना तो दीर्घ व इमानी नोकरीबद्दल मिळे. पहिल्या वर्गाला ‘सरदार बहादूर’ ही पदवी आणि रोज २ रुपये. दुसऱ्या वर्गाला ‘बहादूर’ आणि रोज १ रुपया. पदक गळ्यात घालायचे असे. फीत प्रथम आकाशी होती. केसांच्या तेलाने ती मळेल म्हणून लवकरच किरमिजी केली! मान एवढा मोठा. पण हा सुभेदार नुकत्याच आलेल्या कोवळ्या गोऱ्या अधिकाऱ्याच्याही हाताखालीच राही.

हवालदार-शिपायांसाठी १८८८ साली दीर्घ सेवा व सद्वर्तनाचे चांदीचे पदक निघाले. अट २० वर्षांची. आणि अवघ्या चार वर्षांनी, १८९२ साली, महारांची सैन्यभरतीच बंद झाली. लढवय्या जाती कोणत्या हे सरकारने ठरवले, त्यात मुंबई फौजेत पिढ्यान्‌पिढ्या राबलेले आपले लोक बसेनात. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ याच पिढीचे. बापाच्या छातीवर इमानाचे पदक, मुलाला छावणीचे दार बंद. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली याविरुद्ध अर्ज लिहिला. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी थेट विलायतेच्या भारतमंत्र्यांकडे दाद मागितली.

पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली १११वी महार पलटण उभी राहिली. गरज सरली, १९२१ साली ती मोडली. आता हिशेब करा. पदकाला २० वर्षे हवीत आणि पलटणीचे आयुष्य चार वर्षांचे! तिच्या जवानाने सद्वर्तन तरी किती दिवस दाखवावे?

महार रेजिमेंट १९४१ साली बेळगावला उभी राहिली. त्या वर्षी भरती झालेल्या जवानाची २० वर्षे १९६१ साली भरली, तीही स्वतंत्र भारताच्या सैन्यात. पुढे १९७१ साली ९ व २० वर्षांची आणि १९८० साली ३० वर्षांची दीर्घ सेवा पदके आली. ती अधिकारी आणि जवान दोघांनाही सारखीच मिळतात.

पेटीत जुने पदक असेल तर राखेने घासू नका, सोनाराकडे मोडीत तर मुळीच देऊ नका. शिपाई-हवालदारांच्या सेवापदकाची कडा भिंगातून पाहा. तिथे इंग्रजीत बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. जुन्या हजेरीपटांत आपल्या माणसांच्या नावाअखेर ‘नाक’ येई. तसे नाव दिसले, तर ते वहीत उतरवून घरातल्या वडीलधाऱ्यांना वाचून दाखवा.