डंडीचा केक आणि सासूबाईंचा वाटा

परदेशांत कांहीं काळ राहून आलेलें कुटुंब तिकडून काय घेऊन येतें, हें पाहूं गेल्यास थोडीं भांडीं, थोडे लोकरीचे कपडे आणि पुष्कळशा गप्पा, एवढेंच बहुधा हातीं लागतें. आम्हीं स्कॉटलंडमधील डंडी शहरीं दोन हिवाळे काढले आणि येतांना एक पदार्थ शिकून आलों. तो म्हणजे सुक्या मेव्याचा केक. तो आमच्या घरांतील सर्वांचा व्हावयास मात्र बराच काळ जावा लागला. त्याचीच हकीकत वाचकभगिनींस सांगावयाची आहे.

डंडी हें टे नदीच्या मुखाशीं वसलेलें शहर. एके काळीं तेथील गिरण्यांत बंगालचा ताग विणला जात असे. संत्र्याच्या सालींचा मार्मलेड नांवाचा मुरंबाही तेथलाच प्रसिद्ध. तो करणाऱ्या कीलर यांच्या पेढीचा आरंभ १७९७ सालचा मानितात, आणि एकोणिसाव्या शतकांत हा केक बाजारांत आणण्याचें श्रेयही तिलाच देतात. आंत संत्र्याची साल आणि वर वर्तुळाकार मांडलेले सोललेले बदाम, या याच्या दोन खुणा.

आम्हांस तो शिकविला आमच्या घरमालकीणबाईंनीं. त्यांचें प्रमाण असें: मैदा २२५ ग्राम, लोणी व साखर प्रत्येकीं १७५ ग्राम, अंडीं ४, बदामाची पूड ५० ग्राम, बेदाणे व काळ्या मनुका मिळून ४५० ग्राम, साखरेंत मुरविलेली संत्र्याची साल ६० ग्राम, बेकिंग पावडर १ चहाचा चमचा, आणि वर लावावयास बदाम ६० ग्राम. डबा २० सेंटिमीटर व्यासाचा.

लोणी व साखर पांढरीं व हलकीं होईपर्यंत फेसावीं. त्या फेसांत कोंडलेली हवाच पुढें केक फुगविते. अंडीं एकेक करून घालावीं. मिश्रण फाटूं लागल्यास चमचाभर मैदा टाकावा. नंतर उरलेला मैदा, पूड व पावडर हलक्या हातानें मिसळावीं. मेवा किंचित् मैद्यांत घोळवून शेवटीं घालावा. डब्यास आंतून दुहेरी कागद लावावा, कारण मेव्यानें जड झालेल्या या केकच्या मध्यापर्यंत उष्णता फार सावकाश पोंचते आणि तोंवर कडा करपूं लागतात. म्हणून आंच १५० अंश सेंटिग्रेडची आणि वेळ दोन ते अडीच तासांचा. आम्हीं एकदां घाईनें आंच वाढविली, तेव्हां बाईंनीं कांहीं न बोलतां ती पुन्हां कमी केली. केक बाहेर काढून त्या त्यास कान लावीत; आंत बारीक चुरचुर ऐकूं आली कीं तो परत भट्टींत जाई. आवाज मंदावला व खुपसलेली सुई स्वच्छ निघाली म्हणजे झाला. गार झाल्यावर कागदांत गुंडाळून घट्ट झांकणाच्या डब्यांत तो आठवडाभर ठेवावा. तेवढ्यांत मेव्याचा ओलावा सर्वभर पसरतो आणि केक सुरीखालीं चुरत नाहीं.

पुण्यास परतल्यावर पहिला केक आम्हीं मोठ्या हौसेनें केला. मुलांनीं तो दोन दिवसांत संपविला. सासूबाई जवळच बसून होत्या. "सूनबाई, वास फार छान सुटला आहे हो," एवढेंच त्या म्हणाल्या. अंडें त्यांस वर्ज्य. त्यांनीं तक्रारीचा एक शब्दही काढला नाहीं, हेंच आम्हांस अधिक बोचलें. घरांतील प्रत्येकाच्या ताटांत पदार्थ पडल्यावांचून ज्यांनीं जन्मभर स्वतःस वाढून घेतलें नाहीं, त्यांच्याच घरांत त्यांस वगळून एक पदार्थ नांदूं लागला होता.

आम्हीं नवा डबा आणला आणि प्रयोग आरंभिले. अंडीं नुसतीं गाळून केलेला केक विटेसारखा झाला. दुसऱ्या खेपेस सोडा अधिक पडला आणि साबणाची चव आली. अंडें केक बांधूनही धरतें आणि फुगवितेंही. दह्याचा आंबटपणा व सोडा यांच्या संयोगानें वायु सुटतो व फुगविण्याचें काम होतें; बांधणी मात्र तितकी येत नाहीं. म्हणून मेव्याचें ओझेंच कमी केलें पाहिजे, हें तिसऱ्या खेपेस उमगलें. मैदा २२५ ग्राम, लोणी ११५, साखर १५०, मेवा २५०, दही एक पेला, सोडा अर्धा व बेकिंग पावडर एक चहाचा चमचा. दहीं मिसळतांच क्षणाचाही विलंब न लावतां केक भट्टींत घालावा. नाहींतर वायु बाहेरच निघून जातो. आंच १६० अंश व वेळ सुमारें सव्वा तास. हा मात्र दोन-तीन दिवसांतच संपवावा.

आमच्या घरमालकीणबाईंस हा केक डंडीचा वाटणार नाहीं, आणि तो तसा आहे असें आम्हीही म्हणत नाहीं. सासूबाईंनीं पहिला तुकडा देवापुढें ठेविला, मग मुलांस वांटला आणि शेवटीं आपण तोंडांत टाकला. थोडा वेळ विचार करून त्यांनीं विचारलें, "सूनबाई, याला जायफळ चालेल का ग?"

तेव्हांपासून आमच्या घरीं मैदा आम्ही चाळतों आणि जायफळ त्या किसतात.