नास्तिक कोणाला म्हणावे?

मंडळी, एखाद्या तरुणाने जत्रेची वर्गणी नाकारली, की पारावर लगेच निकाल लागतो : पोरगा नास्तिक झाला! पण जुने पंडित हा शब्द निराळ्या अर्थाने वापरीत. पाणिनीच्या सूत्रावर लिहिणारे काशिकाकार म्हणतात, परलोक मानतो तो आस्तिक, मानत नाही तो नास्तिक. मनुस्मृती वेदांची निंदा करणाऱ्याला नास्तिक म्हणते. देव मानतोस का, हा प्रश्न दोघेही विचारीत नाहीत.

आता गंमत पाहा. सांख्यांची गणना आस्तिकांत. पण ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत जग घडविणारा ईश्वर मुळी नाहीच. यज्ञाचे एवढे अभिमानी कुमारिल भट्ट, तेही जगाचा कर्ता मानीत नाहीत. मग जग चालते कसे? सांख्यांचा दाखला थेट आपल्या गोठ्यातला आहे. दुधाला काही कळत नाही, तरी ते वासरासाठी स्रवते. तशीच जड प्रकृती आत्म्याच्या मोक्षासाठी राबते. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात याला नेमके उत्तर दिले : अहो, दूध जड असेल, पण गाय तर सचेतन आहे! वासराच्या मायेने पान्हा तीच सोडते. शिवाय वासरू ओढते, म्हणून दूध येते.

म्हणजे ईश्वराविषयीचा हा कडाक्याचा वाद आस्तिकांच्याच घरातला. ना कोणी कोणाला वाळीत टाकले, ना दाखला हसण्यावारी नेला. गुरुजींनी तो वर्गात जरूर मांडावा. अर्धी मुले सांख्यांकडे, अर्धी आचार्यांकडे. धार काढणाऱ्या घरची पोरे दोन्हीकडे वाटून घ्यावीत, एवढेच.