सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड तापतंय? भंगारात काढण्याआधी हे तपासा

लग्नसराईत तालुक्याच्या ठिकाणी फोटो स्टुडिओंचे कॉम्प्युटर रात्री उशिरापर्यंत चालतात. नवं ग्राफिक्स कार्ड परवडत नाही म्हणून व्हिडिओ एडिटिंगसाठी अनेकजण जुनं घेतात. हिवाळ्यात ते नीट चालतं. एप्रिल-मे उजाडला की पंखे घोंगावतात, स्क्रीन काळी होते आणि ऐन घाईत काम अडकतं. पण कार्ड गेलंच असं लगेच समजू नये. बऱ्याचदा दोष धूळ, वाळलेली पेस्ट किंवा खोलीतल्या उष्णतेचा असतो.

उन्हाळ्यातच का?

कार्ड खोलीतल्या हवेनेच थंड होतं. खोली २५ अंशांवरून ४० वर गेली, तर कार्डही साधारण तेवढंच चढतं. म्हणजे डिसेंबरात ७५ अंशांवर चालणारं कार्ड मे महिन्यात ९० ला टेकतं. आरटीएक्स ३०६० या कार्डाची कमाल मर्यादा ९३ अंश आहे. मर्यादा जवळ आली की कार्ड आपला वेग कमी करतं. तरी उष्णता वाढली तर बंद पडतं.

शिवाय बाजारातली बरीच जुनी कार्डं क्रिप्टो मायनिंगमधली आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि अशी कार्डं मोठ्या प्रमाणात विक्रीला आली. चोवीस तास चाललेल्या कार्डाची चिप चांगली असू शकते, पण पंखे झिजतात आणि पेस्ट वाळते.

काय करावं?

• आधी मोजावं. जीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर मोफत आहे. त्यात चिपचं तापमान आणि 'हॉट स्पॉट' दिसतो. दोन्हीत २५-३० अंशांचा फरक असेल तर पेस्टवर संशय घ्यावा.

• कॅबिनेटची बाजूची झाकणी काढून पाहावं. तापमान झटकन उतरलं तर दोष कार्डात नाही, हवा खेळत नाही.

• वायर काढून ब्लोअर व मऊ ब्रशने धूळ काढावी. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवावं. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा मारू नये, त्यात पाणी असतं.

• पेस्ट जाणकाराकडूनच बदलावी. थर्मल पॅड बदलताना जुन्याच जाडीचे घ्यावेत. जाड पॅड लागला तर हीटसिंक चिपला नीट टेकत नाही.

• एमएसआय आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट ८० टक्के करावी. वेग थोडाच कमी होतो, उष्णता मात्र चांगली उतरते. यात खर्च काहीच नाही.

• कूलरची दमट हवा थेट कॅबिनेटवर सोडू नये.

घेतानाच काळजी

पैसे देण्याआधी विक्रेत्यासमोर कार्ड अर्धा तास पूर्ण लोडवर चालवून पाहावं. पंख्याचा खरखर आवाज, स्क्रीनवर ठिपके किंवा रेघा दिसल्या तर सौदा सोडावा. साफसफाईने उष्णता कमी होते, पण बिघडलेली मेमरी दुरुस्त होत नाही.