फावल्या वेळची नोकरी



कारखान्याचा वार्षिक अहवाल दरसाल आपल्या घरी येतो. ऊस किती गाळला, साखर किती पोती झाली, उतारा किती पडला, हे सारं त्यात छापलेलं असतं. तो अहवाल आपल्या मळ्यातल्या घरापर्यंत कोणाच्या पायांनी आला, एवढं मात्र त्यात नसतं. संपादक मंडळींनी चार ओळी लिहा म्हणून आग्रह धरला, तेव्हा म्हटलं, तेवढंच लिहू. कारण एकोणतीस वर्षं ते पाय आमचे होते.

आम्ही मूळचे फौजी. १९७५ साली बेळगावला भरती झालो आणि सतरा वर्षं नोकरी करून १९९२ साली पेन्शनवर घरी आलो. वय अवघं पस्तीस. आपल्याकडं पलटणीतून सुटून आलेल्या साध्या शिपायालाही गाव ‘मेजर’ म्हणतं, तसे आम्हीही मेजर झालो. दोन एकर ऊस होता, पेन्शन होती, कारखान्याचा शेअर वडिलांनी घेऊन ठेवलेला होता. सकाळी मळ्यात चक्कर, दुपारी पारावर गप्पा असा बेत होता. तेवढ्यात गावच्या पोस्टातली टपाल वाटपाची जागा रिकामी झाली. पोस्टमास्तर, म्हणजे गावचेच एक शिक्षक, घरी आले आणि म्हणाले, ‘‘मेजर, तीन तासांचं तर काम. थैली आली की गावात एक फेरी मारायची. तुम्हाला कुठं पोटासाठी करायचंय? फावल्या वेळात होईल.’’

आमच्या मंडळींनी चहाचा कप ठेवता ठेवता विचारलं, ‘‘गुरुजी, तीन तास कोणाच्या घड्याळाचे?’’ गुरुजी हसले. आम्हीही हसलो. हा प्रश्न किती खोल होता ते कळायला पुढं तीन वर्षं लागली.

गुरुजी खोटं बोलत नव्हते. त्या वेळी या नोकरीचं नावच ‘खात्याबाहेरचा’ एजंट असं होतं. कागदावर ई. डी. एजंट. १९६४ च्या नियमांनी ती बांधलेली होती. खेड्यात पूर्ण वेळचा पोस्टमन परवडत नाही. तेव्हा शाळामास्तर, दुकानदार, शेतकरी, पेन्शनर असा कोणीतरी, ज्याचं पोट दुसऱ्या कशावर तरी भरतं, तो दिवसाचे तीन ते पाच तास पोस्टाला देईल, ही त्यामागची कल्पना. त्याला मिळतो तो पगार नव्हे, भत्ता. महिन्याची पेन्शन नाही. रजेवर जायचं तर आपल्या जबाबदारीवर बदली माणूस द्यायचा. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयानं ही पदं सरकारी सेवेतलीच नागरी पदं आहेत असा निर्णय दिला, आणि २००१ च्या नियमांनी एजंटाचा ‘ग्रामीण डाक सेवक’ झाला. तासांची आणि भत्त्याची बांधणी मात्र तशीच राहिली. देशात दीड लाखाहून जास्त पोस्टं आहेत, त्यांतली नव्वद टक्क्यांच्या आसपास खेड्यांत, आणि त्या खेड्यांतल्या बहुतेकांचा कारभार अशाच माणसांवर चालतो.

आता तीन तासांचा हिशोब पाहा. थैली यायची अकराच्या एस. टी. नं. एस. टी. कधी अकराला, कधी एकला. घाटात बंद पडली तर तीनला. ती वाट पाहणं तासांत धरत नाहीत. थैली फोडायची, टपाल शिक्के मारून लावायचं, मनिऑर्डरीचे पैसे मोजून घ्यायचे आणि मग सायकल काढायची.

त्यात गावही जागच्या जागी राहिलं नव्हतं. आमच्या लहानपणी सारं गाव वेशीच्या आत होतं. कारखाना उभा राहिला, उपसा योजना झाल्या, ऊस वाढला आणि माणसं मळ्यात राहायला गेली. रात्रीची पाण्याची पाळी, दारात जनावरं, उसाची राखण. मळ्यातच राहणं सोयीचं. ज्या गावाला एक फेरी पुरत होती त्याच्या अकरा वस्त्या झाल्या. आपली भरभराट झाली ही आनंदाचीच गोष्ट. पण तिच्यामुळं पोस्टाची वाट किती मैलांनी लांबली, हे कोणी मोजलं नाही.

गळीत हंगामात आणखी भर पडायची. बीडकडच्या टोळ्या यायच्या, ओढ्याकाठी कोप्या पडायच्या. त्यांच्या पत्रांवर पत्ता काय, तर मुकादमाचं नाव आणि ‘कारखान्याच्या गावाजवळ’. त्यांची पोरं, म्हातारे आईबाप तिकडं मागं राहिलेले. संध्याकाळी फडातून परत आलेली बाई म्हणायची, ‘‘दादा, कार्ड लिहून देता का? पोराला ताप होता, उतरला का म्हणून विचारा.’’ नाही कसं म्हणायचं? आम्ही स्वतः छप्पन एपीओच्या पत्त्यावर घरच्या पत्राची वाट पाहत सतरा वर्षं काढलेली. टपाल आलं की बराकीत काय व्हायचं, आणि ज्याचं पत्र नसायचं तो कसा बूट पुसत बसायचा, हे डोळ्यांनी पाहिलेलं. कंदिलाच्या उजेडात आठ-आठ कार्डं लिहिली. तो वेळही तीन तासांत बसत नाही.

तरीसुद्धा पहिली तीन वर्षं आम्ही मनातून ही फावल्या वेळचीच नोकरी धरून चाललो होतो. ते मोडलं १९९६ च्या जानेवारीत.

आमच्या मळ्यात तोड आली होती. टोळी फडात, गाड्या भरायला लागलेल्या, चिटबॉय चिठ्ठी घेऊन उभा. त्या दिवशी थैली अडीचला आली. कालव्याच्या टोकाच्या वस्तीवर एकच पाकीट होतं. तीन मैल जाणं, तीन मैल येणं. म्हटलं, एका पाकिटासाठी कुठं जायचं, उद्या देऊ. आणि मळ्यात गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाकीट दिलं. मुलानं दारातच फोडलं. पुण्याला नोकरीची मुलाखत होती. तारीख त्याच दिवसाची, वेळ सकाळी दहाची.

पाकीट आधीच उशिरा आलं होतं, हे खरं. पण आदल्या संध्याकाळी हाती पडतं तर रात्रीची गाडी धरता आली असती, हेही तितकंच खरं. मुलाचा बाप म्हणाला, ‘‘असू द्या मेजर, त्याच्या नशिबात नव्हतं.’’ त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तो मुलगा आज शेती करतो, आपल्याच कारखान्याचा सभासद आहे. त्यानं कधी शब्द काढला नाही. आम्ही मात्र त्या दिवसापासून उद्यावर एकही कागद ठेवला नाही.

इथून पुढं नोकरीला काठ राहिला नाही. थैली केव्हाही येवो, टपाल त्याच दिवशी. निराधार योजनेची मनिऑर्डर असेल तर म्हातारी सकाळपासून उंबऱ्यात बसलेली. तिच्याकडं अंधार पडला तरी जायचं. आमच्या मुलीच्या लग्नात मांडवात अक्षता वाटत होतो, तर एकजण हात पुढं करून म्हणतो, ‘‘मेजर, आमचं रजिस्टर आलंय का?’’ मंडळी म्हणाल्या, ‘‘पलटणीत निदान दोन महिने रजा तरी मिळायची. इथं तुम्ही जन्माचे हजर.’’

हसण्यावारी नेलं, पण त्या बोलण्यात एक हिशोब होता. आम्ही वस्त्या फिरत होतो तेव्हा आमच्या उसाला दारे कोण धरत होतं? खताची गोणी कोण उचलत होतं? गट ऑफिसात नोंद कोणी दिली, मुकादमाशी कोण भांडलं? सारं त्यांनीच केलं. सात-बारावर नाव आमचं, शेअर आमच्या नावावर. ऊस पिकवला त्यांनी. फावल्या वेळची नोकरी पूर्ण वेळची झाली की घरातलं दुसरं कोणीतरी आपल्या वाट्याचं काम उचलतं. पोस्टाच्या वहीत ते कुठं लिहीत नाहीत.

लोक विचारतात, ‘‘मोबाईल आला, आता पत्रं कोण लिहितं? पोस्टाला काम काय उरलं?’’ आम्हालाही तसंच वाटलं होतं. पत्रं कमी झाली, २०१३ साली तार बंद झाली. पण एक काम गेलं की दोन येत होती. १९९५ साली ग्रामीण टपाल विमा आला. हप्ते गोळा करा. रोजगार हमीची मजुरी खात्यावर आली. २०१५ साली मुलींसाठी सुकन्या खाती आली. २०१८ च्या सप्टेंबरात पोस्टाची पेमेंट बँक निघाली, हातात मोबाईल आणि अंगठा घ्यायचं यंत्र आलं. भोवतीनं घरपोच माल मागवण्याचा सुकाळ. सायकलच्या कॅरिअरवर पाकिटांऐवजी खोकी. त्याच साली चार तासांच्या वाटपाच्या कामाला मूळ भत्ता दहा हजार रुपये ठरला. आधीच्या मानानं वाढ चांगली होती, पण तास चारच मोजले.

२०२० ची टाळेबंदी आठवते ना? एप्रिल, मे, जून असे तीन महिने जनधन खात्यांत बायकांना पाचशे-पाचशे रुपये आले. तालुक्याला जायला एस. टी. नाही. आम्ही त्रेसष्ट वर्षांचे. तोंडाला रुमाल बांधून यंत्र घेऊन वस्तीवस्तीवर गेलो. खुरपून, भांडी घासून बायकांच्या बोटांच्या रेघा झिजलेल्या. यंत्र अंगठा ओळखेना. एक बोट, दुसरं बोट, हात धुऊन पुन्हा. एका पाचशेला कधी अर्धा तास. त्या पैशातून कोणी गोळ्या आणल्या, कोणी पीठमीठ. त्या तीन महिन्यांत दिवस किती तासांचा होता हे आम्ही मोजलं नाही, आणि त्याचं दुःखही नाही.

२०२२ साली पासष्टी पुरी झाली आणि आम्ही दुसऱ्यांदा निवृत्त झालो. गावानं नारळ-शाल दिली. ‘‘मेजरांनी कधी वेळ पाहिली नाही,’’ असं जो तो म्हणाला. ऐकायला बरं वाटलं. पण आज त्याच वाक्याची काळजी वाटते, आणि म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या जागी एक मुलगी आली आहे. दहावीच्या गुणांवर निवड होऊन दुसऱ्या जिल्ह्यातून आली, गावात खोली भाड्यानं घेऊन राहते. तिच्या मागं फौजेची पेन्शन नाही, दोन एकर ऊस नाही, दारे धरणारं माणूस नाही. जी नोकरी ‘पोट दुसरीकडं भरतं’ असं धरून आखली, तिच्यावर तिला पोट भरायचं आहे. परवा रात्री साडेनऊला तिच्या दारात चौघेजण अंगठा लावून पैसे काढायला उभे. ती म्हणाली, ‘‘काका, उद्या सकाळी येता का?’’ तर एकजण ताडकन म्हणाला, ‘‘मेजर कधी नाही म्हणाले नाहीत!’’

आम्ही ओट्यावरून ऐकलं आणि मान खाली गेली. मंडळींचं बळ होतं, पेन्शन होती, म्हणून आम्हाला ते परवडलं. आम्ही राजीखुशीनं जो वेळ दिला तो आमचा होता. तो तिच्याकडून हक्कानं मागायचा अधिकार आम्ही कोणाला दिलेला नाही, आणि देऊही शकत नाही. उठून गेलो आणि चौघांनाही तसं सांगितलं. एकजण रुसला आहे, रुसू द्या.

सभासद बांधवांना एवढीच विनंती. पत्ता पुरा द्या. सहा आकडी पिन १९७२ पासून आहे, पण तो कागद फक्त पोस्टापर्यंत आणतो. पुढं गावाचं नाव, वस्ती, वडिलांचं नाव, मोबाईल लागतोच. आमच्या गावात एकाच नावाचे चार सभासद आहेत. अहवाल चार दारं फिरून घरी जातो. तेव्हा शेअर विभागात जाऊन पत्ता दुरुस्त करून घ्या. सभासद वारले असतील तर वारसाची नोंद करा. गेलेल्या माणसाच्या नावानं आलेलं पाकीट त्याच्या बायकोच्या हातात देणं फार जड जातं. मळ्याच्या वाटेवर, रस्त्याला लागून एक पेटी लावा. कुत्रं बांधून ठेवा. आणि पैशाचं काम असेल तर दिवसाउजेडी पोस्टात जा.

ती मुलगी वस्तीवर आली तर तांब्याभर पाणी पुढं करा. उन्हाच्या वेळी आम्हाला ते अकराही वस्त्यांवर मिळालं. तेवढं मात्र मागच्यासारखंच चालू राहू द्या.