स्लो वाढवला, दिवा विझला

इंजिन बांधून ट्रक रस्त्यावर आला त्याला जेमतेम आठवडा झाला होता. क्रँक ग्राइंड केलेला, दहा थाऊचे नवे बेअरिंग, सहाही लायनर-पिस्टन नवे. रत्नागिरीहून माल भरून आंबा घाट चढून आल्यावर ड्रायव्हरनं आंब्यात चहाला गाडी थांबवली, तर ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागला. इंजिन धापा टाकत होतं, आत्ता बंद पडेल की मग अशा बेतानं. त्यानं जरा रेस दिली, दिवा विझला. फोनवर मला म्हणाला, "मालक, स्लो वाढवून घ्यावा लागंल."

गाडी उभी असताना इंजिन ज्या किमान फेऱ्यांवर चालतं, त्याला गॅरेजात स्लो म्हणतात. मला मात्र स्लो वगैरे काही सुचेना. बेअरिंग गेले, आता पुन्हा सगळं खाली उतरणार, एवढंच डोक्यात.

कोल्हापुरात आमच्या मिस्त्रींनी सम्पला, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीला, हातही लावला नाही. आधी ऑइलच्या दिव्याचा स्विच काढला आणि त्या जागी तांब्याची बारीक नळी लावून काट्याचं मीटर जोडलं. स्विचला फार अक्कल नसते. प्रेशर अर्ध्या किलोच्या आसपास उतरलं की दिवा लावायचा, एवढंच त्याचं काम. प्रेशर किती आणि कुठल्या फेऱ्यांवर, हे मीटरच सांगणार. मग क्रँक पुलीवर चमकपट्टीचा तुकडा चिकटवून त्यांनी फेऱ्या मोजल्या. 430. हे 697 इंजिन, म्हणजे सहा सिलिंडर आणि 97 मिलिमीटरचा बोअर. त्याला सहाशेच्या आसपास तरी फेऱ्या हव्यात. ऑइल पंप इंजिनवरच फिरतो. इंजिन रेंगाळलं की तोही रेंगाळतो. गरम इंजिनवर काटा 0.4 वर होता.

कारण हाताशीच निघालं. डिझेल पंपावरच्या स्लोच्या स्क्रूचा लॉकनट ढिला होता. गाडीच्या थरथरीनं स्क्रू मागे आला होता. मिस्त्रींनी स्लो सहाशेवर आणून नट आवळला. काटा 0.7 वर चढला, म्हणजे दिवा लागायचं कारण उरलं नाही. ड्रायव्हर चावी घ्यायला उठलाच.

"बस खाली," मिस्त्री म्हणाले. "नव्या बेअरिंगला पाऊण किलोबी न्हाई, ह्ये काय प्रेशर झालं व्हय?"

ऑइल पंप नुसतं ऑइल ढकलतो. प्रेशर तयार होतं ते बेअरिंगच्या फटीत ऑइल अडतं म्हणून. ही फट केसाच्या जाडीएवढी. ती रुंदावली तरी काटा पडतो आणि ऑइल पातळ झालं तरी पडतो. दोन्हींतलं काय झालंय, हे काट्याला कळत नाही. इंजिन नुकतंच बांधलेलं असलं की सगळ्यांचा संशय फटीवर जातो. माझाही तिथंच होता.

मिस्त्रींनी डिपस्टिक काढली. ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर. मध्ये कोणी ऑइल घातलं नव्हतं. आठ दिवस चाललेल्या इंजिनात ऑइल कमी होईल, वाढेल कसं? त्यांनी एक थेंब वर्तमानपत्रावर सोडला. आम्ही तिघं त्या थेंबाकडे बघत बसलो. मधला काळा ठिपका जागेवर राहिला आणि त्याच्याभोवती पिवळट, ओलं वर्तुळ सावकाश पसरत गेलं, बातमीच्या दोन ओळी ओलांडून. मिस्त्रींनी कागद माझ्या नाकाशी धरला. डिझेल.

डिझेल ऑइलमध्ये उतरायच्या वाटा दोन-तीन. गळका इंजेक्टर असता तर धूर आणि मिसिंग दिसलं असतं. तसं काही नव्हतं. मिस्त्रींनी डिझेल पंपाच्या कुशीतला छोटा फीड पंप सोडवला, बाहेरचं तोंड बोटानं दाबून हातपंप मारला. रोलरच्या बाजूनं, जिथं कोरडं असायला हवं, तिथं थेंब जमला, लोंबला, पडला. मग दुसरा. डिझेल पंपाच्या पोटातलं ऑइल इंजिनातूनच येतं आणि इंजिनातच परत जातं; त्याच्याबरोबर हे थेंब आठ दिवस सम्पमध्ये उतरत होते.

मोठा पंप सर्व्हिसला दिला तेव्हा फीड पंप जुनाच राहू दे, असं मीच म्हणालो होतो. खर्च आधीच हाताबाहेर गेला होता. मिस्त्रींना ते आठवत असणार, पण ते बोलले नाहीत. त्यापेक्षा बोलले असते तर बरं होतं.

बेअरिंगची खात्री मात्र त्यांनी करून घेतली. ऑइल फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडल्या आणि वरून लोहचुंबक फिरवला. नव्या रिंगांची काळी भुकटी चुंबकाला लागली. बेअरिंगचा चंदेरी पापुद्रा किंवा त्याखालचा तांबूस कण घड्यांत कुठंच दिसला नाही. तेरा लिटर घातलेलं ऑइल पंधराच्या वर निघालं.

फीड पंप नवा बसवला, ऑइल आणि फिल्टर बदलला. मीटर मिस्त्रींनी काढलं नाही. नळी लांबवून केबिनमध्ये तारेनं बांधलं आणि पुढच्या खेपेला घाट चढून झाला की आकडा कळवायचा म्हणून ड्रायव्हरला बजावलं.

तीन दिवसांनी आंब्याहून फोन आला. चहाच्या कपबशांचा आवाज, मागं इंजिन चालू.

"स्लोवर सव्वा किलो, मालक," तो म्हणाला, भाजी तोलून दिल्यासारखा. "दिव्याकडं मी बघितलंबी न्हाई."