सेलिना ग्रेच्या हातातल्या किल्ल्या

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या लष्करी वस्तू जमवणाऱ्यांच्या हकिगती मी बरीच वर्षे वाचत आलो आहे. बंदुका, तलवारी, गणवेशाची बटणे यांचे संग्राहक पुष्कळ. माझे मन मात्र अडकले ते जॉर्ज वॉशिंग्टनच्या कापडी तंबूत. १७७८ मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या रेडिंग गावी तो शिवला गेला. त्यातच सेनापतीची कचेरी आणि त्यातच त्याची निजण्याची जागा. १७८१ च्या यॉर्कटाउनच्या वेढ्यातही तो होता. 

पुढे तंबू मार्था वॉशिंग्टनच्या नातवाकडे, पार्क कस्टिसकडे आला. आर्लिंग्टनच्या आपल्या वाड्यात त्याने तो जपला, समारंभांना उभारला आणि आठवण म्हणून त्याचे तुकडे कापून लोकांना दिले. हे मला मुळीच पटत नाही. लोकांना वस्तू दाखवावी, ती कापून वाटू नये.

कस्टिसची मुलगी मेरी ही दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ली यांची बायको. १८६१ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धामुळे तिला वाडा सोडावा लागला. जाताना किल्ल्या दिल्या सेलिना ग्रेकडे. सेलिना आठ मुलांची आई आणि त्याच घरची गुलाम. वाड्यात उत्तरेच्या सैन्याचा तळ पडला आणि वॉशिंग्टनच्या वस्तू चोरीला जाऊ लागल्या. तेव्हा तिने शिपायांना तोंडावर दटावले आणि काय काय गेले ते थेट जनरल मॅकडॉवेलच्या कानावर घातले. जानेवारी १८६२ मध्ये त्याने तंबूसह उरलेल्या वस्तू वॉशिंग्टन शहरातल्या पेटंट कचेरीत हलवल्या. सेलिनाची कायदेशीर मुक्तता झाली ती त्याच वर्षीच्या डिसेंबरात. म्हणजे राष्ट्राचा हा ठेवा वाचवताना ती स्वतः दुसऱ्याची मालमत्ता होती.

ली कुटुंबाने वस्तू परत मागितल्या. १८६९ मध्ये अमेरिकी काँग्रेसने नकार दिला. १९०१ मध्ये अध्यक्ष मॅकिन्लींनी त्या परत केल्या. मग १९०९ मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या व्हॅली फोर्जचे पाद्री हर्बर्ट बर्क यांनी ली यांच्या मुलीकडून तंबू ५,००० डॉलरला घेतला. तिला दक्षिणेच्या सैनिकांच्या विधवांसाठी पैसे हवे होते. बर्कना लोकांसाठी संग्रहालय. त्यांच्याजवळ खाजगी संपत्ती नव्हती, म्हणून सामान्य माणसांकडून पैसा उभा केला. संग्राहक म्हणून मला बर्क फार मोठे वाटतात. त्यांच्या संग्रहातूनच फिलाडेल्फियाचे अमेरिकन क्रांतीचे संग्रहालय उभे राहिले. ते १९ एप्रिल २०१७ रोजी उघडले. काचेआडचा तंबू तिथे कोणालाही पाहता येतो.

अशा संग्रहांत विकत घेणाऱ्याचे आणि देणगीदाराचे नाव ठळक असते. सांभाळणाऱ्याचे क्वचितच. २०१४ मध्ये नॅशनल पार्क सर्व्हिसच्या एका स्वयंसेवकाला ईबेवर एक जुने छायाचित्र दिसले. विकणारा इंग्लंडचा. पाठीवर लिहिलेले: जनरल ली यांचे गुलाम, आर्लिंग्टन. नाव एकीचेही नाही. स्वयंसेवकाने चेहरा ओळखला: सेलिना ग्रे, सोबत दोन मुली. आर्लिंग्टन वाड्यासाठी झटणाऱ्या संस्थेने ते ७०० डॉलरला घेऊन वाड्याच्या संग्रहात दिले. वॉशिंग्टनच्या तंबूशेजारी सेलिनाचे नाव ठेवायला आता तिचा चेहराही आपल्याकडे आहे.