विष तेच, ताट निराळे

विषाचा विचार मात्रेवरून करावा, हा विषशास्त्राचा जुना दंडक आहे. तो खोटा नाही. पण अपुरा आहे. तेच विष तितक्याच मात्रेत दोन देहांत गेले, तरी परिणाम सारखाच होतो असे नाही. विषाची गाठ पडते ती देहाच्या चयापचयाशी, आणि चयापचय घडते ते रोजच्या अन्नावर. हैदराबादच्या प्रयोगशाळेतील पांढऱ्या उंदरांनी ही गोष्ट साठच्या दशकातच सिद्ध करून दिली होती.

या कथेची सुरुवात इंग्लंडमधली. 1960 साली तेथे एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक दगावले. दोष निघाला ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत. ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीने त्या पेंडीत निर्माण केलेल्या विषाला पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. जेथे भुईमूग हे गरिबाच्या प्रथिनांचे साधन मानले जाते, त्या भारताला ही वार्ता परकी नव्हती.

माधवन आणि गोपालन या संशोधकांनी उंदरांना अफ्लाटॉक्सिन दिले. एका गटाच्या आहारात केसिन हे दुधातील प्रथिन 20 टक्के ठेवले, दुसऱ्याच्या आहारात केवळ 5 टक्के. 1968 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष चकित करणारा होता. यकृताच्या कर्करोगाची लक्षणे दिसली ती भरपूर प्रथिने खाणाऱ्या गटात. अर्धपोषित गट त्यातून सुटला. कारण असे की, हे विष यकृतातील विकरांमुळेच अधिक घातक रूप घेते आणि पेशीतील डीएनएला चिकटते. प्रथिने तुटपुंजी असली की ही विकरेही मंदावतात.

मग अर्धपोटी राहणे हेच कवच म्हणायचे काय? मुळीच नाही. विषाच्या तात्काळ आघाताने यकृत अधिक होरपळते ते याच अर्धपोषित उंदरांचे. कर्करोग व्हायला मुळात जगावे लागते. त्यांतील कित्येकांना तेवढे आयुष्यच लाभले नाही.

प्रयोगशाळेतले हे कोडे 1974 साली माणसांच्या वस्तीत उतरले. राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या आदिवासी भागांत अवकाळी पावसाने भिजलेल्या मक्याला बुरशी आली. घरात दुसरे धान्य नसल्याने तोच मका खाल्ला गेला. सुमारे 400 जण काविळीने आणि जलोदराने आजारी पडले. 106 जण मेले. त्याच घरांतील उष्टे खाणारी कुत्रीही दगावली.

सुरक्षित मात्रेचे आकडे ज्या प्राण्यांवरून काढले जातात, ते बहुधा सुपोषित असतात. बुरशीचा मका ज्याच्या वाट्याला येतो तो माणूस मात्र बहुधा उपाशी असतो. म्हणून उंदरांच्या प्रयोगातून पथ्याचे सोपे सूत्र शोधणे जितके चूक, तितकेच मर्यादेचा एक आकडा ठरवून निश्चिंत होणेही चूक. काढणीनंतर धान्य वेळेवर वाळवणे, कोरडी कोठारे बांधणे आणि ओला मका टाकून द्यावा लागला तर त्या कुटुंबाला बदली धान्य पुरवणे, हा खरा उतारा. टाकून देण्याची ऐपतच ज्याला नाही, त्याला सावधगिरीचे धडे देणे ही क्रूर थट्टा ठरेल.